सल्ला हवा: 'मी बिफोर यू' वाचनगटात घ्यावी का? (शेवट फोडला आहे, जपून!)

सायली_डोंबिवली
आमच्या गटात पुढच्या महिन्यासाठी जोजो मोयेसची 'मी बिफोर यू' ही इंग्रजी कादंबरी (२०१२) ठरतेय. दोघीतिघी रडून बेजार, तर एकीचा "यात अपंगांचा अपमान आहे" म्हणून साफ नकार. गटातल्या एक काकू अपघातानंतर व्हीलचेअरवर असतात, त्यांना विचारायला अवघड वाटतंय. घ्यावी का? की दुसरं काही सुचवाल?

निवांत_वाचक
बिनधास्त घ्या. अपघातानंतर व्हीलचेअरवर आलेला नायक विल स्वित्झर्लंडला जाऊन डॉक्टरी मदतीने मरायचं ठरवतो, तो त्याचा निर्णय. जगातल्या सगळ्या अपंगांचं वकीलपत्र त्याने घेतलेलं नाही. आणि त्याची देखभाल करणारी लुइझा काय झकास उतरलीय!

चाकोरीबाहेर
मी व्हीलचेअर वापरते. त्याचा निर्णय म्हणता, पण विल बोलतो कुठे? अपघाताआधीच्या छोट्या सुरुवातीत आपण त्याच्यासोबत असतो, तेवढंच. पुढे सगळं लुइझा सांगते. मध्ये आई, वडील, नर्स नेथन, अगदी लुइझाच्या बहिणीलासुद्धा एकेक प्रकरण मिळतं. ज्याच्या मरणाभोवती पुस्तक फिरतं त्याला मात्र एकही नाही. मोयेसबाईंना लिहिता येत नाही असं नाही हो. रेसकोर्सवर खुर्ची चिखलात रुतते, तो प्रसंग वाचताना माझे हात आखडले. म्हणूनच जास्त राग येतो.

शिवाय विलकडे गडगंज पैसा, वेगळं घर, पगारी मदतनीस. तरी जगणं नकोच. मग लिफ्ट बंद पडली की जिची रजा पडते तिने काय समजायचं? २०१६ मध्ये सिनेमा आला तेव्हा लंडनच्या प्रीमियरला अपंग कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली, ती उगाच नाही.

निवांत_वाचक
विलच्या मनातलं कळलं तर त्याचं मन वळवायची लुइझाची धडपड आपल्याला तिच्या बाजूने कशी अनुभवता येईल? ते तंत्र आहे.

चाकोरीबाहेर
मग नेथनला प्रकरण कशाला? असो.

सायली, घ्याच पुस्तक, पण जोडीला नसीमा हुरजूक यांचं आत्मचरित्र 'चाकाची खुर्ची' ठेवा. कोल्हापूरची 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही अपंगांसाठीची संस्था त्यांनीच उभी केली. ऐन तारुण्यात पाय गेले, त्यानंतरचं सगळं त्या स्वतः सांगतात. मरावंसं वाटणंही त्यांनी लपवलेलं नाही.

काकूंना बाजूला घेऊन "तुम्हाला चालेल ना?" असं विचारू नका. सगळ्यांसोबत ग्रुपवर नाव टाका. नको असेल तर त्या सांगतील की! आणि गट भरतो कुठे?

सायली_डोंबिवली
पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकूंना दोघं उचलून आणतात… माझं घर तळमजल्यावर आहे, यावेळी तिथेच ठेवते. दारात सहा इंचांची एक पायरी आहे. फळी टाकली तर चालेल?

चाकोरीबाहेर
एक इंच उंचीला बारा इंच लांबी धरा, म्हणजे सहा फूट. न वाकणारी, न घसरणारी हवी. आणि आदल्या दिवशी दाराची रुंदी मोजून काकूंना कळवा.