लेम्बर्गर उर्फ ब्लाउफ्रेंकिश: या द्राक्षाची नीट ओळख कशी करून घ्यावी?

नेकारकाठी
मंडळी नमस्कार. जर्मनीत श्टुटगार्टला येऊन तीन वर्षं झाली. इथे द्राक्षमळे थेट शहरात उतरलेत, मेन स्टेशनच्या वरच्या अंगालासुद्धा मळा आहे. संध्याकाळी लोक पाव लिटरचा कानवाला ग्लास घेऊन बसतात, त्याला फिर्टेले म्हणतात आणि त्यात बहुतेक वेळा ट्रोलिंगर नावाची वाईन असते, फिकट लाल, हलकी, मला ती काही जमली नाही. पण गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याच्या घरी लेम्बर्गर प्यायलो आणि पहिल्याच घोटाला घाटातली करवंदं आठवली, तीच गडद आंबटगोड चव आणि मागून थोडी मिरी. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मग सुपरमार्केटमधून एक बाटली आणली तर ती चक्क गोडसर निघाली, दुसरी जरा महागातली आणली तर नुसता लाकडाचा आणि व्हॅनिलाचा वास. म्हणजे तीन बाटल्या आणि तीन वेगळे प्रकार. यातली खरी लेम्बर्गर कोणती? आणि पुण्यातल्या वाईन पिणाऱ्या मित्रांनी हे नावसुद्धा ऐकलेलं नाही, असं का?

व्हिएन्नाकर
नाव ऐकलेलं नाही याचं कारण नावातच आहे, कारण या द्राक्षाला एक नावच नाही. तुमच्याकडे लेम्बर्गर, आमच्याकडे ऑस्ट्रियात ब्लाउफ्रेंकिश, हंगेरीत केकफ्रांकोश, स्लोव्हाकियात आणि क्रोएशियात फ्रांकोव्का. कॅबर्नेसारखं प्रसिद्ध लाल द्राक्ष जगात कुठेही गेलं तरी कॅबर्नेच राहतं, हे मात्र प्रत्येक सीमेवर नाव बदलतं, मग लोकांच्या लक्षात राहणार कसं. सगळ्यात जास्त लागवड हंगेरीत आहे, एगरची ती प्रसिद्ध बिकावेर म्हणजे 'बैलाचं रक्त', तिच्यातही मुख्य द्राक्ष हेच. म्हणजे अनेकांनी हे प्यायलंय, फक्त त्यांना माहीत नाही.

आणखी एक गंमत मला फार आवडते. मध्ययुगात या भागात चांगल्या द्राक्षांना 'फ्रेंकिश' म्हणायचे आणि सामान्य द्राक्षांना 'हॉयनिश'. आता डीएनए तपासणीत कळलंय की या 'फ्रेंकिश'च्या आईबापांपैकी एक चक्क पांढरं हॉयनिश आहे, तेच जे रीसलिंग आणि शार्डोनेच्याही आईबापांत येतं! आणि पुढची पिढी बघा, १९२२ मध्ये ब्लाउफ्रेंकिश आणि सांक्ट लॉरेंटच्या संकरातून त्स्वायगेल्ट निघालं, ते आज ऑस्ट्रियात सगळ्यात जास्त लावलं जाणारं लाल द्राक्ष. जर्मनीतलं डॉर्नफेल्डर (१९५५) तर याचं नातवंड. लेकरं-नातवंडं सगळ्या दुकानांत दिसतात पण आजोबांना विचारणारे कमी.

खरी कोणती म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, जिच्यात लाकूड मागे आहे आणि आंबटपणा पुढे. १९८६ च्या हंगामाची रुस्ट गावच्या एर्न्स्ट ट्रीबाउमरची मारिएन्टाल इथे अजून लोक आठवतात, या द्राक्षातून मोठी वाईन होऊ शकते हे तिने दाखवून दिलं. नंतर बऱ्याच जणांनी नव्या ओकच्या पिंपांचा अतिरेक केला, आता ते पुन्हा कमी होतंय. मिळाली तर आमच्या ऑस्ट्रियातल्या आयझेनबर्ग भागाची घ्या, नावाचा अर्थच लोखंडाचा डोंगर, तिथल्या मातीत लोह आहे आणि वाईन अगदी सडसडीत, मिरीदार होते. इथल्याच मिटेलबुर्गनलांड भागाची जरा भरदार, चिकणमातीतली.

बेझनप्रेमी
नेकारकाठी, मी याच भागात १४ वर्षं आहे. गोडसर निघाली म्हणता, तर लेबलवर 'ट्रोकन' (म्हणजे गोड नसलेली) लिहिलेलं होतं का बघा. ते नसेल तर साखर शिल्लक असू शकते, आणि 'हाल्बट्रोकन' (अर्धवट गोड) किंवा 'लीब्लिश' (गोडसर) असेल तर असणारच. आणि 'ट्रोलिंगर मिट लेम्बर्गर' ही दोघांची मिसळ असते, ती पिऊन लेम्बर्गर कळत नाही.

दुसरं म्हणजे गरम पिऊ नका!! हीटर लावलेल्या खोलीत २२-२३ डिग्रीला ही वाईन ढेपाळते, नुसता अल्कोहोल नाकात जातो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, १५-१६ डिग्रीला काढा, मग बघा करवंद कसं उघडतं ते.

आणि बेझनला जाच. दाराबाहेर झाडू टांगलेला दिसला की समजायचं शेतकऱ्याने घरचीच वाईन विकायला काढलीय, वर्षातले फार तर चार महिने आणि ४० खुर्च्या एवढीच परवानगी असते. ब्राकेनहाइमच्या बाजूला जा, लेम्बर्गरचं माहेरच ते. पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष थेओडोर हॉयस तिथलेच, त्यांचा १९०५ चा पीएचडीचा प्रबंधसुद्धा हाइलब्रोनच्या द्राक्षशेतीवर आणि तिथल्या द्राक्ष बागायतदारांवर होता. मालकाशी बोला, दोन वेगवेगळ्या वर्षांची शेजारी शेजारी चाखायला मागा, आनंदाने देतात.

खरडछाटणी
दादा लोक, मी निफाडचा, वाईनची द्राक्षं लावतो, शिराझ आणि कॅबर्ने. वाचून इच्छा झाली पण जरा विचार केला. हे द्राक्ष लवकर फुटतं आणि उशिरा पिकतं असं वाचलंय, म्हणजे त्याला लांब थंड शरद हवा. आमच्याकडे उलटं चालतं, एप्रिलात खरड छाटणी, पाऊस सरल्यावर फळछाटणी आणि तोड जानेवारी ते मार्च. फेब्रुवारी सरला की ऊन असं चढतं की ब्रिक्स (मण्यातल्या साखरेचं माप) पळतं आणि मण्यातला आंबटपणा डोळ्यादेखत उतरतो. ज्या द्राक्षाचा सगळा जीवच आंबटपणात आहे ते इथे आणून त्याचं शिराझ करण्यात काय अर्थ? तरी कोणी उंचावर, थंड जागी एक ओळ लावून बघितली तर मी पहिला बघायला जाईन.

आमसूल
जेवणाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही हाइलब्रोनला होतो तेव्हा ही वाईन घरच्या जेवणाबरोबर खूप प्यायलो. आंबटपणा असल्यामुळे तेलकट-तुपकट पदार्थ छान कापते, वाटणातलं मटण, सुक्या खोबऱ्याचा काळा मसाला, भरली वांगी, मस्त जमतं. फक्त तिखट बेताचं ठेवा आणि ओकवाली बाटली घेऊ नका, तिच्या टॅनिननं (तोंडाला येणाऱ्या तुरटपणानं) तिखट आणखी झोंबतं. माशाच्या आंबट कालवणाबरोबर मात्र नाही जमलं, दोन आंबट भांडतात. तिथली मसूर-श्पेट्झले (मसुराबरोबर अंड्याच्या शेवया) मात्र हिच्याबरोबर खाऊन बघाच, आपल्याला आमटीची आठवण येते.

नेकारकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. बाटली तपासली, 'हाल्बट्रोकन'च होती, आणि मी ती हीटरशेजारच्या कपाटात ठेवली होती. बेझन कुठला उघडा आहे ते शोधलं, शनिवारी ब्राकेनहाइमला चाललोय. व्हिएन्नाकर, आयझेनबर्गची एक मागवलीय, ती आणि इथली एकाच संध्याकाळी उघडणार, भरली वांगी करून. आमसूल ताई, वांग्यात चिंच घालू की नको?

आमसूल
अगदी थोडी. गूळ नेहमीपेक्षा कमी, नाहीतर वाईन कडवट लागेल.