बाबांना जहाजाची हौस, आईला पाण्याची धास्ती: मुंबई ते कोची क्रूझ आणि हॉटेल, सल्ला द्या

फुटाळा_फिरस्ता:
नमस्कार मंडळी. झिरो माइलच्या गावात, म्हणजे नागपुरात राहतो, त्यामुळे समुद्र कुठल्याही बाजूनं धरा, लांबच. आमचा समुद्र म्हणजे फुटाळ्यावरची संध्याकाळ आणि हातात भाजलेला भुट्टा.

बाबा ७१ वर्षांचे, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त. नोकरीभर टर्बाइनचा आवाज ऐकला, आता म्हणतात एकदा मोठ्या जहाजावर झोपायचंय. इंजिन रूम दाखवतात का, हा त्यांचा पहिला प्रश्न. (हसू नका, खरंच विचारलंय.)

आईचं उलट. ती ६८ वर्षांची. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला त्या रात्री आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. फ्रिज तरंगताना बघितलाय तिनं. तेव्हापासून रात्री जोराचा पाऊस आला की उठून दाराशी जाऊन बसते. तिला शहरं आवडतात. मुंबईचा फोर्ट भाग निवांत बघायचा, चांगल्या हॉटेलात राहायचं, कुणीतरी आयता चहा आणून द्यायचा, बस.

म्हणून मधला मार्ग काढलाय. आधी दोन रात्री मुंबईत हॉटेल, मग जहाज, शेवटी कोचीत हॉटेल. आम्ही चौघं, डिसेंबर, नऊ-दहा दिवस. विचारायचं ते असं: आईला पाणी दिसूच नये म्हणून आतली, बिनखिडकीची खोली घ्यावी का? स्वस्तही पडते. मुंबईत आणि कोचीत हॉटेल कुठल्या भागात? आणि एका एजंटनं 'सगळं धरून' म्हणून एकच आकडा दिलाय, तो घ्यावा का?

सावजी_रस्सा:
काऊन बापा, पाण्याला भिणाऱ्या माणसाला पाण्यावरच घेऊन चालले? गोव्यात हॉटेल घ्या अन् काकांना मांडवीत तासाभराची बोट दाखवा, झालं. अन् जहाजावर सावजी भेटत नाही, आधीच सांगून ठेवतो.

धरमपेठकर:
वरच्या भाऊंचं मनावर घेऊ नका, ते प्रत्येक धाग्यावर सावजीच शोधून राहिले असतात.

आम्ही दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेलो होतो. मुंबईहून भारतीय किनाऱ्यानं जाणारं मोठं जहाज म्हणजे कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस'. १९९० चं बांधकाम, आपल्याकडे २०२१ पासून फिरतंय. त्याच्या फेऱ्या दरवर्षी थोड्या बदलतात. मुंबई-गोवा-मुंबई शनिवार-रविवारच्या हिशोबानं असते, लक्षद्वीपची वेगळी, कोचीची वेगळी. तुम्हाला कोचीत उतरून राहायचंय, म्हणजे एकमार्गी फेरी हवी आणि ती रोजची नसते. तेव्हा आधी जहाजाची तारीख पक्की करा, मग हॉटेलं, मग गाडी. आम्ही उलट केलं होतं, एका हॉटेलची एक रात्र फुकट भरली.

डिसेंबर उत्तम. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीलासुद्धा बंदी असते, यावरून अंदाज घ्या.

मुंबईत हॉटेल घ्यायचं तर फोर्ट किंवा कुलाबा. विमानतळाजवळचं स्वस्त आणि चकचकीत दिसेल, फसू नका. जहाज बॅलार्ड पियरवरून सुटतं, ते सीएसएमटीहून टॅक्सीनं पाच-दहा मिनिटांवर. काकूंना फोर्ट बघायचाच आहे तर खिडकीतूनच दिसू द्या की. वस्तुसंग्रहालयाला अर्धा दिवस ठेवा. त्याची कोनशिला १९०५ मध्ये बसवली, लोकांसाठी उघडायला १९२२ उजाडलं. आत बसायला बाकं आहेत, बाहेर झाडांची सावली आहे, गुडघेवाल्यांसाठी याहून सोयीचं ठिकाण नाही. घारापुरीचा मोह टाळा. बोट तासभर घेते, वर शंभरावर पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद.

जहाजावर सामान खालीच टॅग लावून घेतात आणि ते खोलीपर्यंत यायला वेळ लागतो. औषधं, चष्मा, आधार कार्ड, एक सुती साडी खांद्याच्या पिशवीत ठेवा. सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या आणि आम्ही दोन तास कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घातल्या.

निवृत्त_टीसी:
गाडीचं मी सांगतो. मुंबईसाठी दुरांतो किंवा विदर्भ. दोन्ही रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीला लागतात, म्हणजे तुमच्या हॉटेलच्या आणि धक्क्याच्या दारातच. पण जहाजाच्या दिवशी सकाळी पोहोचायचं, हा हिशोब कुणीही करू नये. कसारा घाटात एखादी मालगाडी अडकली की मागच्या सगळ्या गाड्या इगतपुरीला उभ्या. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. दोन रात्री आधीच जाताय ते बरोबर आहे.

दुसरं, डिसेंबर म्हणजे आपल्याकडे हिवाळी अधिवेशन. त्या आठवड्यांत शुक्रवारी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत आमदारांचे पीए, पत्रकार, अधिकारी, सगळे. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीचे १२० दिवस राहिले नाहीत. त्या दिवशी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा.

तिसरं, आणि हे कुणी सांगत नाही. आईबाबांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांचा लोअर बर्थचा कोटा एकट्यानं किंवा दोघांनी मिळून काढलेल्या तिकिटाला लागतो. चौघांचं एकत्र काढलंत की कोटा गेला, आणि मग आई वरच्या बर्थवर आणि तुम्ही डब्यात हात जोडत फिरताय. बत्तीस वर्षं हेच बघितलं.

परतीला एर्नाकुलम टाउनहून केरळ एक्सप्रेस थेट नागपूरला येते, पण जवळजवळ तीस तास. त्यांना झेपत नसेल तर विमान.

देवगडची_लेक:
माहेर देवगड, सासर प्रतापनगर. त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क माझाच.

आईंसाठी बिनखिडकीची खोली? अजिबात नको. पाण्याची भीती असलेल्या माणसाला पाण्यापेक्षा न दिसणारं पाणी जास्त छळतं. अंबाझरीच्या रात्री त्यांना काय झालं असेल? अंधारात, कळायच्या आत, पाणी घरात. आता दिवा घालवल्यावर काळोखी खोली, जमीन किंचित हलतेय, भिंतीत कसलीशी कुरकुर, आणि बाहेर काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. त्या रात्रभर बसून राहतील. खिडकीची खोली घ्या. बंद काचेची. बाल्कनी नको, तिचं दार उघडं राहिलं की दुसरी काळजी. जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि जमेल तितक्या खालच्या मजल्यावर घ्या. सी-सॉचं बघा ना, टोकावरचं पोर उडतं, मधलं जागेवर असतं.

त्यांना चढल्या-चढल्या जहाज दाखवा. जेवणाचा हॉल, लिफ्ट, जिना, खोलीतलं लाइफ जॅकेट कुठे ठेवलंय ते. निघण्याआधी सुरक्षेची तालीम असते, लोक तिथे सेल्फी काढतात. तुम्ही आईंना पुढे उभं करा. कुठून बाहेर पडायचं हे ज्याला माहीत असतं तो कमी घाबरतो.

उलटीच्या गोळीबद्दल सांगते. आमच्याकडे सर्रास अवोमिन घेतात, पण बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ती त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. उपाशीपोटी बोटीवर चढू नका. कोरडी भाकरी, कुरमुरे, असलं काहीतरी पोटात हवं.

आणि एक भ्रम काढून टाका. किनारा बघत जाऊ, विजयदुर्ग दिसेल, सिंधुदुर्ग दिसेल, असं मनात असेल तर तसं होत नाही. जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून जातं आणि बहुतेक अंतर रात्रीच कापतं. माझ्या लहानपणीची बोट वेगळी होती. भाऊच्या धक्क्यावरून निघायची, बंदर आलं की बाहेर उभी राहायची आणि आम्हाला पडावातून काठावर न्यायचे. आजी नऊवारीचा काष्टा घट्ट करून, एका हातात आंब्याची करंडी घेऊन, खलाशाचा हात न धरता पडावात उतरायची. लक्षद्वीपची फेरी घ्यायचं मनात आलं तर हे लक्षात ठेवा. तिथेही मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटीनं बेटावर नेतात. तुमच्या आईंना या खेपेला तो उद्योग नको.

फुटाळा_फिरस्ता:
ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "खिडकीची घे." तेव्हा खोलीचा प्रश्न मिटला.

टीसी काका, वेगळ्या तिकिटाचं माहीतच नव्हतं, आभार. आता एजंटचं सांगा कुणीतरी.

खामल्याचा_सीए:
'सगळं धरून' या दोन शब्दांवर माझा संसार चालतो, म्हणून बोलतो. लेखी फोड मागा. जहाजाचं भाडं माणशी असतं, पण एका खोलीत दोघं धरून. बंदर शुल्क, जीएसटी, कर्मचाऱ्यांची बक्षिसी, जहाजावरचं वायफाय, काही पेयं, गोव्यात उतरून फिरायची बस, यातलं काय आत आणि काय बाहेर ते ओळीनं लिहून घ्या. तारीख बदलली किंवा रद्द केली तर किती कापतात, तेही.

आम्हाला एका एजंटनं (नाव लिहीत नाही) 'मुंबईत चार तारांकित हॉटेल' दिलं होतं. निघालं ठाण्याच्या पुढे. चार तारे होते, मुंबई नव्हती. शेवटी जहाज कंपनीच्या संकेतस्थळावरून आणि हॉटेल थेट फोन करून, असं सुटंसुटं घेतलं. वेळ गेला, पण पैसे कुठे जातात ते दिसलं.

धरमपेठकर:
गोव्याचं राहिलं. जहाज मुरगावला लागतं, पणजी तिथून तीसेक किलोमीटर. हातात काही तासच असतात. एक जुनं गोवं बघा आणि परत या. पणजीही, बीचही, काजूही करायला गेलात तर सगळा वेळ टॅक्सीत जाईल. नाहीतर उतरूच नका. सगळी गर्दी खाली गेल्यावर जहाज किती शांत असतं, काकूंना तेच आवडेल.

कोचीत जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. हॉटेल फोर्ट कोचीत घ्या. जुने बंगले हॉटेल झालेत, दिसायला सुरेख, पण जिने उभे आणि लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नाही. बुकिंगच्या वेळी 'तळमजल्याची खोली' असं लिहून घ्या. ज्यू सिनेगॉग १५६८ चं आहे आणि शनिवारी बंद असतं, दिवस जुळवून घ्या. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला आधी पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टांचेरीत फिरताना कानावर कोकणी पडते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी सारस्वत कुटुंबं आहेत.

सावजी_रस्सा:
चला, माझा आशीर्वाद आहे. काकांचं इंजिन रूमचं कुणी सांगितलंच नाही पण.

धरमपेठकर:
आम्हाला नाही दाखवली. सुरक्षेचं कारण सांगतात.

फुटाळा_फिरस्ता:
जाऊन आलो. धागा वर काढतोय, कारण इतक्या जणांनी वेळ दिला तर हिशोब द्यायला हवा.

मुंबईच्या दोन रात्री आईच्या. फोर्टातल्या हॉटेलात सकाळी चहाचा ट्रे आला तेव्हा तिनं वेटरला बसायला सांगितलं. तो बिचारा उभाच. वस्तुसंग्रहालयात दोन तास म्हणून गेलो आणि चार तास काढले.

जहाजावर पहिल्या रात्री तिनं लाइफ जॅकेट कपाटातून काढून उशाशी ठेवलं आणि चपला पलंगाजवळ, तोंड दाराकडे करून. कुणी काही बोललो नाही. पहाटे मी डोकावलो तर काचेला नाक लावून उभी होती. बाहेर मासेमारीच्या होड्यांचे दिवे होते, पंधरा-वीस असतील. "एवढ्याशा होडीत माणसं आहेत की रे," म्हणाली. दुसऱ्या रात्री जॅकेट परत कपाटात गेलं. चपला तिथेच राहिल्या.

बाबांना इंजिन रूम मिळाली नाहीच. ते रोज सकाळी मागच्या डेकवर जाऊन कठड्यावर तळहात टेकवून उभे राहायचे. तिसऱ्या मिनिटाला डोळे मिटून म्हणाले, "डिझेल आहे. टर्बाइन नाही." मग एका खलाशाला गाठून खातरी करून घेतली आणि दिवसभर खूश.

चूक माझ्याकडूनच झाली. कोचीच्या हॉटेलला तळमजल्याचं फोनवर सांगितलं, लिहून घेतलं नाही. दुसरा मजला मिळाला. बायकोनं अर्धा तास भांडून खोली बदलून घेतली.

आईला सगळ्यात काय आवडलं विचाराल तर कोचीची वॉटर मेट्रो. २०२३ साली सुरू झाली, वातानुकूलित बोटी, आणि तरंगता धक्का बोटीच्याच पातळीवर राहतो, त्यामुळे पाय उचलून उडी मारायची गरज नाही. हायकोर्ट ते फोर्ट कोची तीनदा गेलो-आलो. कारण विचारलं तर म्हणे, "दोन्ही काठ दिसतात."

चिनी जाळी संध्याकाळी बघा. एक जाळं खाली-वर करायला चार-पाच माणसं लागतात आणि वजनाला दोरीला दगड बांधलेले असतात. बाबांनी तिथेही भार, टेकू आणि तरफ समजावून सांगितली. मासे त्या खेपेला मोजून सात निघाले.

परत विमानानं आलो, मुंबईत बदलून. टीसी काका, केरळ एक्सप्रेस पुढच्या वेळी.

देवगडची_लेक:
चपलांचं वाचून आजी आठवली. मुंबईत हॉटेल कुठलं होतं, लिफ्ट होती का? फेब्रुवारीत मावशीला घेऊन जायचंय.

फुटाळा_फिरस्ता:
होती ताई, जुनी जाळीच्या दाराची, पण चालू. नाव आणि भाडं निरोपात पाठवलंय, खोली रस्त्याच्या बाजूची मागू नका, पहाटे पाचपासून हॉर्न.