‘राखीव मतदारसंघ’ हा शब्द अमेरिकेला लावावा का?

अनुस्वार
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या ब्लॅक उमेदवारांवर लेख लिहिते आहे. सुरुवात १८७० पासून केली आहे. त्या वर्षी हायरम रेव्हल्स मिसिसिपीतून सिनेटवर गेले आणि जोसेफ रेनी दक्षिण कॅरोलायनातून प्रतिनिधिगृहात. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी एकेक अट घालून ब्लॅक मतदारांना यादीबाहेर काढलं. उत्तर कॅरोलायनाचे जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ मध्ये काँग्रेसमधून, म्हणजे तिथल्या संसदेतून, बाहेर पडले, त्यानंतर थेट १९२९ पर्यंत तिथे एकही ब्लॅक सदस्य नव्हता. व्हाइट यांच्या राज्याला तर पुढचे ब्लॅक खासदार मिळायला १९९२ उजाडलं. इव्हा क्लेटन आणि मेल वॉट, दोघंही नव्याने आखलेल्या, ब्लॅक मतदार बहुसंख्य असलेल्या मतदारसंघांतून आले.

अडलं आहे ते इथेच. अशा मतदारसंघाला तिकडे ‘मेजॉरिटी-मायनॉरिटी डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. मी ‘कृष्णवर्णीयबहुल मतदारसंघ’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘राखीव मतदारसंघ’ केलं. वाचकाला लगेच कळेल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

खिळेजुळारी
संपादकांच्या बाजूने बोलतो. ‘राखीव’ हा घराघरात रुळलेला शब्द आहे. राखीव जंगल, राखीव दल, राखीव डबा. मूळ ‘राखणे’. कुणीतरी कुणासाठी तरी जागा राखली, एवढाच त्याचा अर्थ. ब्लॅक लोकांचा प्रतिनिधी निवडून यावा म्हणून जागा राखली, तर राखीव म्हणायला हरकत काय? ‘कृष्णवर्णीयबहुल’ हा शब्द जुळवतानाच छापखान्यातली आमची खिळ्यांची पेटी रिकामी झाली असती.

नागपूरकर
हरकत मोठी आहे, काका. जागा राखलेलीच नाही. आपल्याकडे १९३२ च्या पुणे करारानंतर जी पद्धत आली, तीत उमेदवार अनुसूचित जातीचाच हवा, पण मत सगळ्यांनी द्यायचं. त्या मतदारसंघात दलित मतदार बहुसंख्य असतातच असं नाही, बहुतेक ठिकाणी नसतातच. म्हणून तर निवडून आलेला माणूस नेमका कोणाला उत्तरदायी, हा वाद तेव्हापासून चालू आहे. फक्त दलितांनीच मत द्यायचे ते स्वतंत्र मतदारसंघ गेले याचं दुःख बाबासाहेबांनी पुढेही बोलून दाखवलं.

अमेरिकेत नेमकं उलट आहे. रेषा अशी आखायची की ब्लॅक मतदार एका ठिकाणी पुरेशा संख्येने येतील. उमेदवार कोणीही असो. टेनेसीतल्या मेम्फिसचा मतदारसंघ घ्या. बहुसंख्य मतदार ब्लॅक, आणि २००७ पासून खासदार स्टीव्ह कोहेन, ते गोरे ज्यू. तो मतदारसंघ ‘राखीव’ असता तर त्यांना अर्जच भरता आला नसता. आपल्याकडे अट उमेदवारावर असते, तिकडे विचार मतदारांचा असतो. हा फरक एका शब्दाने पुसला गेला तर लेखाचा कणाच मोडेल. शिवाय मराठी वाचक म्हणेल, ‘अच्छा, तिकडेही आरक्षण आहे!’ अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये ब्लॅक लोकांसाठी एकही जागा कधी राखून ठेवलेली नाही. जे मिळालं ते रस्त्यावर मार खाऊन आणि कोर्टात भांडून.

ऱ्हस्वदीर्घ
नागपूरकर, मुद्दा मान्य. पण ‘कृष्णवर्णीयबहुल’लाही माझा विरोध आहे. ‘कृष्णवर्णीय’ हा वर्तमानपत्रांनी सभ्यपणासाठी घडवलेला शब्द. घरात कोणी बोलतं का? साधं ‘काळे मतदार’ लिहा.

अनुस्वार
‘काळे मतदार’ लिहिलं की मला लगेच लग्नाच्या जाहिरातीतला ‘गोरी हवी’ आठवतो. मराठीत ‘काळा’ हा शब्द नुसता रंग सांगत नाही, तो हिणवतोही. म्हणूनच कचरते.

नागपूरकर
हिणवणारा शब्द उचलून त्याचा झेंडा करायचा, हे आपल्याला नवं नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेच्या नावावरून. त्या पोरांनी ‘कृष्णवर्णीय चित्ता’ म्हटलं नाही. तो समाज स्वतःला ज्या नावाने हाक मारतो ते वापरावं, मग ‘ब्लॅक’ लिहायला काय हरकत? जुन्या मराठी लेखांत ‘निग्रो’ सर्रास सापडतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यातही तोच शब्द आहे, कारण तेव्हा ते लोक स्वतः तोच वापरत. तो शब्द त्यांनीच टाकला, तेव्हा आपणही टाकला पाहिजे.

आणि ‘आफ्रिकन-अमेरिकन’ हा सरसकट पर्याय नाही. शर्ली चिझम १९६८ मध्ये काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या ब्लॅक महिला, १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. त्यांची आई बार्बाडोसची. कमला हॅरिस यांचे वडील जमैकाचे. दोन्ही कॅरिबियन बेटं, म्हणून ते नाव सगळ्यांना नीट बसत नाही.

ऱ्हस्वदीर्घ
मग ‘ब्लॅकबहुल’? इंग्रजी मुंडकं आणि संस्कृत धड. मला हे वाचवत नाही. तिकडे २०२० पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था ‘ब्लॅक’ या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं छापते, म्हणजे रंग नव्हे तर समाज असा अर्थ होतो. देवनागरीत मोठं अक्षर नाही. शब्द जसाच्या तसा उचलला तरी त्यातला तो मान मराठीत येत नाही, हे लक्षात घ्या.

अटलांटाकर
इकडून लिहितोय. शब्द ठरवायच्या आधी रेषा कशा हलतात ते बघा. आम्ही अटलांटा शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो, आजूबाजूला तेलुगू, गुजराती, मराठी घरं भरपूर. २०१८ मध्ये या भागातून लुसी मॅकबाथ निवडून आल्या. त्या ब्लॅक, आणि बहुसंख्य मतदार गोरे. २०२१ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने रेषा बदलल्या, सहावा मतदारसंघ त्यांच्या हातून गेला म्हणून त्या २०२२ मध्ये शेजारच्या सातव्यातून लढल्या आणि जिंकल्या. २०२३ मध्ये कोर्टाच्या आदेशावरून पुन्हा नकाशा झाला. आता त्यांचा मतदारसंघ परत सहावा, पण तो शहराच्या पश्चिमेला. आमच्या गल्लीत कोणी घर बदललं नाही, तरी शेजारी एकमेकांना विचारत होते, आपला खासदार आता कोण?

१९६५ च्या मतदान हक्क कायद्यानुसार जॉर्जियासारख्या राज्यांना असा बदल करण्याआधी केंद्राची मंजुरी लागायची. २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट कोणत्या राज्यांना लागू हे ठरवणारं कलमच रद्द केलं. तेव्हापासून नकाशा आधी लागू होतो, लोकांनी नंतर कोर्टात जायचं. तोवर एखादी निवडणूक होऊनही जाते.

रेषा आखणाऱ्यांच्या दोन युक्त्या आहेत. मतदार चार मतदारसंघांत विखरून टाकायचे, किंवा सगळे एकातच कोंबायचे म्हणजे बाकीच्यांत त्यांचा आवाज उरत नाही. ‘बहुल’ मतदारसंघ नेहमी भल्यासाठीच असतो असं समजू नका.

खिळेजुळारी
पहिल्या युक्तीला आपल्याकडे ‘वॉर्ड फोडला’ म्हणतात. नगरपालिकेची प्रभागरचना जाहीर झाली की चहाच्या टपरीवर हाच शब्द. दुसरीसाठी ‘कोंडणे’ बरा. जनावरं कोंडवाड्यात घालतात तसं.

अनुस्वार
फोडणे आणि कोंडणे, दोन्ही घेते! मग मूळ शब्दासाठी ‘एकगठ्ठा मतदारसंघ’ कसा वाटतो?

नागपूरकर
नको. ‘एकगठ्ठा मतं’ म्हटलं की या लोकांना स्वतःची अक्कल नाही, कोणीतरी सांगेल तिथे शिक्का मारतात, असा वास येतो. आमच्या वस्त्यांबद्दल हेच बोललं जातं.

वऱ्हाडी
थोडं बाजूचं, पण विचारतोच. अलाबामातल्या ‘ब्लॅक बेल्ट’चं मराठी काय करता? एका बातमीत ‘कृष्णवर्णीय पट्टा’ वाचलं. ते अर्धंच खरं. त्या पट्ट्याला नाव आधी मातीवरून पडलं. काळी कसदार जमीन, म्हणून तिथे कापूस, कापसासाठी गुलाम आणले, आणि ज्या काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, ब्लॅक लोक गोऱ्यांपेक्षा जास्त त्यांना पुढे तेच नाव राजकीय अर्थाने लागलं. आता आपल्याकडे बघा. ‘काळी’ म्हणजे शेतजमीन, ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. ‘काळीत गेला’ म्हणजे शेतात गेला. माझं घर कपाशीच्या काळीतलं. ‘काळीचा पट्टा’ म्हणा, माती पण आली आणि माणूस पण.

याच पट्ट्यावरून अलाबामाचा खटला झाला. राज्यात चौथा हिस्सा लोक ब्लॅक, सात मतदारसंघ, आणि ब्लॅक मतदार बहुसंख्य असलेला फक्त एक. पट्टा वेगवेगळ्या मतदारसंघांत फोडलेला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते बेकायदा ठरवलं, आणि २०२४ मध्ये नव्या नकाशावर शोमारी फिगर्स निवडून आले.

ऱ्हस्वदीर्घ
‘काळीचा पट्टा’ सुंदर आहे, पण पुण्या-मुंबईच्या आजच्या वाचकाला ‘काळी’ कळणार नाही.

वऱ्हाडी
मग त्यांनी शिकावं. आम्ही ‘कृष्णवर्णीय’ शिकलोच की.

खिळेजुळारी
अनुस्वारताई, लेखात पोल टॅक्स येत असेल तर ‘मतदान कर’ लिहू नका. ‘पोल’ म्हणजे डोकं. आपली ‘डोईपट्टी’.

अटलांटाकर
शब्दशः डोईपट्टी, पण काम मतदान कराचं. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेत वर्षाला दीड डॉलर, आणि थकबाकी साठत जायची. एखाद्या खंडकऱ्याने चार-सहा वर्षं भरली नाही तर मत द्यायला आधी सगळी बाकी चुकती करायची. नाही भरली तरी कोणी जप्ती आणत नव्हतं, फक्त मत द्यायला मिळायचं नाही. वसुलीसाठी नव्हतीच ती पट्टी. राष्ट्रीय निवडणुकांसाठी ती १९६४ मध्ये घटनादुरुस्तीने गेली, राज्यांच्या निवडणुकांसाठी १९६६ मध्ये कोर्टाने काढली. डोईपट्टी लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही.

खिळेजुळारी
अर्थ सांगायला वाक्य असतं, शब्दाने सगळं सांगायचं नसतं. ‘उमेदवार’च घ्या. पूर्वी कचेरीत उमेदवारी करणं म्हणजे नोकरीच्या आशेवर बिनपगारी राबणं. उमेद हा फारसी शब्द. आज तो अर्थ कोणाला ठाऊक आहे? तरी शब्द चालतोच.

नागपूरकर
शब्द चालतो हे ठीक, काका, पण ‘राखीव’चा अर्थ आज सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो इथे चालणार नाही.

अनुस्वार
संपादकांना मेम्फिसचं उदाहरण कळवलं. ते म्हणाले, ‘राखीव’ काढू, पण शीर्षकात सहा शब्दांपेक्षा जास्त नको. सध्या ‘ब्लॅक मतदार बहुसंख्य असलेला मतदारसंघ’ लिहिलं आहे, त्यातच पाच शब्द जातात.

ऱ्हस्वदीर्घ
‘बहुसंख्य असलेला’ नको, ‘बहुसंख्याक’ करा. एक शब्द वाचेल.

वऱ्हाडी
‘बहुसंख्याक’ की ‘बहुसंख्यक’? यावर वेगळं बोलायला हवं.