प्रतिसाद: हारीची पाटी कोरी म्हणून मोठा?

वर एकानं लिहिलंय की बॉक्सर फ्लॉइड मेवेदर ५०-० (पन्नास लढती, एकही हार नाही), मुहम्मद अली ५ वेळा हरला, म्हणजे मेवेदरच मोठा, विषय संपला. नाही पटलं बुवा.

१९७१ मध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकनं अली पंधराव्या फेरीत पाठीवर आपटला, लगेच उठला, तरी निकाल विरोधात गेला. १९७३ मध्ये नॉर्टननं जबडा मोडला. दोघांनाही त्यानं पुढं हरवलं. होम्स आणि बर्बिककडून हरला ते उतरत्या वयात, ते मी हिशेबात धरत नाही.

आमच्या गावच्या दंगलीत एक पैलवान चितपट झाला की पाठीची माती न झटकताच समोरच्याचा हात धरायचा, "पुढच्या साली ये बे!" त्यानं जिंकलेल्या कुस्त्या कोणाला धड सांगता येत नाहीत. ती मातीनं भरलेली पाठ मात्र पारावर अजून निघते.

मेवेदर बचावात उस्तादच, वाद नाही. पण त्याचा पन्नासावा विजय कोणावर? २०१७ मध्ये मॅकग्रेगरवर, ज्याची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत. हे म्हणजे शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) पहिल्यांदा जुंपलेल्या गोऱ्ह्याला मागं टाकून गावभर गुलाल उधळणं झालं!