मदत हवी आहे: डोक्याला मार, हातपाय ठणठणीत, दाव्यात अपंगत्व कसं दाखवायचं?

मोठा भाऊ, वय 38, पुण्यात अकाउंटंट. दुचाकीला कारची मागून धडक, हेल्मेट होतं. दाखल करताना जीसीएस (शुद्धीचा गुणांक, 15 पैकी) 11, सीटीत फ्रंटल कन्ट्यूजन (मेंदूच्या पुढच्या भागाला मार), शस्त्रक्रिया नाही. चार महिने झालेत. चालतो-बोलतो, पण हिशोब चुकतात, सांगितलेलं विसरतो, लगेच भडकतो. नोकरी गेल्यातच जमा.

एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज समरी, बिलं, पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं हाताशी आहेत. कारचा विमा चालू होता. तडजोडीच्या कागदावर सही केलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा नुकसानभरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत टाकणार, अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागाहून. वकील ठरलेत, पण त्यांचा अनुभव हाडं मोडलेल्यांच्या दाव्यांचा.

अडचण अशी की शारीरिक तपासणीत टक्केवारी नगण्य येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) निकालानुसार कमाईची क्षमता किती घटली ते बघायचं असतं, हे ठाऊक आहे. पण ते सिद्ध कशाने करायचं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा न्यूरोसायकॉलॉजी अहवाल (स्मरणशक्ती, लक्ष, विचार यांच्या चाचण्यांचा) पुरतो, की सरकारी मेडिकल बोर्डाचंच प्रमाणपत्र लागतं? चाचणी आत्ता करावी, की सुधारणा थांबेपर्यंत थांबावं? आणि साक्षीला कोण लागतं: न्यूरोसर्जन, चाचणी घेणारे, की दोघेही? असा दावा प्रत्यक्ष चालवलेल्यांनी कृपया सांगावं.