जाड, मध्यम की बारीक ट्यूब? आपले अनुभव लिहा

नागपुरातल्या सीताबर्डीच्या ज्या दुकानातून मी पंचवीस वर्षे ट्यूब घेत आलो, तिथे गेल्या महिन्यात चाळीस वॅटची जाड ट्यूब मागितली, तेव्हा दुकानदाराने नुसती मान हलवली. पाऱ्यामुळे हे दिवे जगभरच बंद होत आहेत. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२३ मधील जिनिव्हा बैठकीत सरळ नळीच्या फ्लुरोसंट दिव्यांना २०२७ ही शेवटची मुदत ठरली. त्याआधी तिन्ही जाडींच्या ट्यूब वापरलेल्यांचे अनुभव एकत्र यावेत, म्हणून हा धागा काढला आहे. ‘टी’पुढचा आकडा म्हणजे इंचाच्या आठव्या भागात मोजलेला व्यास: टी-१२ म्हणजे ३८ मिलिमीटर, टी-८ म्हणजे २६ आणि टी-५ म्हणजे १६. ट्यूब कुठे लावली होती आणि कोणत्या चोकवर (ट्यूबमधला विजेचा प्रवाह आवरणाऱ्या भागावर) चालत होती, हे अवश्य लिहावे.

माझी पसंती टी-१२. महाल भागातील आमच्या जुन्या घरी उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पार खाली जायचे. त्या वेळी ३६ वॅटची टी-८ दोन्ही टोकांना लालसर होऊन नुसती लुकलुकत राही आणि शेजारच्या पट्टीवरची जाड ट्यूब मात्र तीन-चार झटक्यांत लागे. ट्यूब एकदा लागली की स्टार्टर काढून घेतला तरी ती चालू राहते, म्हणून वडील एकाच चांगल्या स्टार्टरवर घरातल्या सगळ्या ट्यूब लावत असत. स्टुलावर चढून स्टार्टर किंचित फिरवून काढायचा आणि तो कोमट डबा मुठीत धरून पुढच्या खोलीत न्यायचा, हे माझे काम होते.

धरमपेठ:
माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. आमच्या स्वयंपाकघराला एकच लहान खिडकी आहे आणि मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आत गॅससमोर उभे राहवत नाही. तिथली टी-८ हिवाळ्यात छान उजळायची, पण ऐन उन्हाळ्यात तिचा उजेड मलूल वाटायचा. मी ट्यूब पुसून पाहिली, बदलून पाहिली, तरी फरक पडला नाही. कारण नंतर कळले. ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेचा दाब तापमानानुसार बदलतो; जाड आणि मध्यम ट्यूब भोवतालच्या साधारण २५ अंशांना सर्वांत जास्त उजेड देतात, तर टी-५ ही ३५ अंशांसाठीच घडवलेली आहे. २८ वॅटची टी-५ ट्यूब २५ अंशांना सुमारे २,६०० ल्युमेन (उजेडाचे माप) देते आणि ३५ अंशांना सुमारे २,९००. त्याहून जास्त उष्णतेत तीही थोडी उतरते, पण आमच्या ओट्यावर तांदळातला खडा मे महिन्यातही दिसतो. नागपूरच्या हवेला हीच ट्यूब मानवते, असे माझे ठाम मत आहे.

प्रतापनगर:
टी-५ घेण्याआधी पट्टी मोजावी. ती १,२०० नव्हे, १,१४९ मिलिमीटर लांब असते आणि तिच्या पिनांमधले अंतर १३ ऐवजी ५ मिलिमीटर असते, त्यामुळे जुन्या होल्डरमध्ये ती बसतच नाही. टी-८ मात्र टी-१२ च्या पट्टीत आणि त्याच चोकवर चालते. मी याच सोयीसाठी टी-८ वर राहिलो.

हिंगणा एमआयडीसी:
लेथवर काम करणाऱ्याला जाडीआधी चोक पाहावा लागतो. तांब्याच्या चोकवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते आणि ठरावीक वेगाला फिरणारा चक (लेथची काम धरणारी पकड) थांबल्यासारखा दिसतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने तसे समजून हात पुढे केला होता. उस्तादांनी त्याचे मनगट वेळीच धरले. त्या आठवड्यात प्रत्येक लेथवरच्या टी-८ ला आम्ही इलेक्ट्रॉनिक चोक जोडला. ट्यूब त्याच राहिल्या, पण तो भास गेला.

गांधीबाग:
आमचे साड्यांचे दुकान आहे. जुन्या जाड ट्यूबखाली कुंकवासारखा लाल रंग विटकरी दिसायचा आणि गिऱ्हाईक साडी घेऊन उन्हात पाहायला पायरीपर्यंत जायचे. ८६५ अशी खूण असलेली टी-८ लावल्यापासून ती ये-जा जवळपास थांबली. त्यातला ८ म्हणजे रंग शंभरपैकी ऐंशीच्या घरात खरे दिसतात आणि ६५ म्हणजे ६,५०० केल्विनचा पांढरा उजेड. हे श्रेय जाडीचे नसून आतल्या पावडरीचे आहे, हे मान्य आहे. तशी पावडर टी-५ मध्येही असते. पण तेवढाच उजेड बारीक नळीतून येत असल्याने ती डोळ्यांवर येते आणि जरीच्या काठावर इतकी चकाकी पडते की मूळ पोत झाकला जातो. म्हणून काउंटरवर टी-८ हीच माझी निवड आहे.

मानेवाडा:
सर्वांनी चार फुटींबद्दल लिहिले, मला मात्र फूटभर लांबीची आठ वॅटची ट्यूब प्रिय आहे. व्यास टी-५ चाच, १६ मिलिमीटर. भारनियमनाच्या काळात दहावीचा अभ्यास मी इमर्जन्सी लाइटमधल्या त्या ट्यूबवर केला. बॅटरी उतरू लागली की उजेड पिवळट होत टोकांकडून मागे सरे आणि त्या अवधीत चालू गणिताची शेवटची पायरी लिहून होत असे.