सेंट थॉमस कॅथेड्रल : मूळ वास्तू नेमकी कोणती?

वास्तुवेडा
मुंबईच्या फोर्टातील सेंट थॉमस कॅथेड्रलविषयी लिहिणारे बहुतेक जण साल १७१८ चे सांगतात आणि सोबत छायाचित्र लावतात ते पश्चिमेकडच्या उंच मनोऱ्याचे. हा मनोरा १८३८ चा आहे. त्याआधी तिथे एक ठेंगणी घंटाघराची बांधणी होती. पूर्वेकडचे चॅन्सेल, म्हणजे वेदीभोवतीचा भाग, १८६५ च्या सुमारास जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्यानुसार वाढवण्यात आला, तोही टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीत. अठराव्या शतकातल्या साध्या, क्लासिकल (ग्रीक-रोमन) वळणाच्या दालनाला दोन्ही टोकांनी अशी गॉथिक ठिगळे लावल्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या काळाचा मुंबईतील एक दुर्मीळ नमुना आपण गमावला, असे माझे स्पष्ट मत आहे. गॉथिकच पाहायचे असेल तर कुलाब्याचे अफगाण चर्च आहे. ते पायापासून त्याच शैलीत कल्पिलेले आहे आणि म्हणूनच एकसंध वाटते.

जुना फोर्टकर
आपण ज्याला मूळ म्हणता तेसुद्धा एकसंध नव्हते. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांनी १६७० च्या दशकात हे काम हाती घेतले, १६७७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सुमारे पंधरा फूट उंचीच्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षे छपराविना उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब या धर्मगुरूंनी वर्गणीसाठी लोकांना गळ घातली, काम पुन्हा सुरू करवले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उपासनेसाठी खुले झाले. मग ऑन्जियर यांच्या मनातले चर्च मूळ, की कॉब यांनी पूर्ण केलेले? ज्या इमारतीचा जन्मच दोन हप्त्यांत झाला, तिला तिसरा आणि चौथा हप्ता वर्ज्य ठरवण्याचे कारण मला सापडत नाही.

शिवाय चॅन्सेल वाढवले गेले ते केवळ हौसेपोटी नव्हे. १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, टॉमस कार हे पहिले बिशप झाले आणि या चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला. अठराव्या शतकातले अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत ख्रिस्ती पंथाचे, चर्च मुख्यतः प्रवचन ऐकण्याचे दालन असे, त्यामुळे वेदीची जागा उथळ असली तरी भागत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अँग्लिकन उपासनेची दृष्टी पालटली. गायकवृंद आणि धर्मगुरू यांच्यासाठी खोल, वेगळे उठून दिसणारे चॅन्सेल हवे, असा आग्रह इंग्लंडभर धरला जाऊ लागला आणि गॉथिक हीच खरी ख्रिस्ती शैली आहे, असेही मानले जाऊ लागले. इमारत उपासनेसाठी असते. उपासना बदलली की ती बदलणारच.

वास्तुवेडा
चॅन्सेल खोल हवे होते, हे मान्य. पण ते खोल करण्यासाठी शैली बदलावी लागत नाही. जुन्याच वळणात तो भाग लांबवता आला असता. गॉथिक निवडले गेले ते त्या काळच्या फॅशनमुळे आणि हाती पैसा खेळत होता म्हणून. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता, शहर श्रीमंतीच्या धुंदीत होते आणि फोर्टाची तटबंदीसुद्धा त्याच दशकात पाडली जात होती. ज्या वेशीला या चर्चमुळे चर्चगेट म्हणत, तीही गेली आणि तिच्या जागी फ्लोरा फाउंटन आले. जुने पाडून नवे थाटण्याच्या या वृत्तीलाच माझा आक्षेप आहे.

शिलालेखप्रेमी
आपण दोघेही बाहेरून बोलत आहात. जरा आत या. कॉब यांचे ‘साधे दालन’ चॅन्सेल वाढण्याच्या कितीतरी आधीच झाकले गेले होते, आणि झाकले ते संगमरवराने. १८११ मध्ये निवर्तलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक, १८०८ मध्ये फ्रेंच जहाजाशी लढताना पडलेल्या कॅप्टन हार्डिंग यांचे स्मारक, नेपोलियनची शरणागती स्वीकारणाऱ्या मेटलंड यांचे स्मारक, आणि त्यांच्या अवतीभोवती तरुणपणीच गेलेल्या कित्येकांच्या शिला. शैलीशुद्धी हवी असेल तर या भिंतीही मोकळ्या कराव्या लागतील. तसे कोणी सुचवत नाही, कारण तिथे आपल्याला इतिहास दिसतो. दगडी कमानीत तोच का दिसू नये?

बाहेरचे कारंजेही पाहावे. आराखडा इंग्लंडच्या गिल्बर्ट स्कॉट यांचा आणि पैसा कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दात्याचा. चर्चच्या दारात पारशी गृहस्थाने दिलेले गॉथिक कारंजे उभे राहते, हे त्या शहराचे जितके खरे चित्र आहे तितके १७१८ चे दालन एकटे कधीच देऊ शकले नसते.

वास्तुवेडा
स्मारकांचा मुद्दा बिनतोड आहे; त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. चॅन्सेल पाडावे, असेही मी म्हटलेले नाही. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या इमारतीच्या जीर्णोद्धाराचा गौरव झाला, तो सगळे थर जागच्या जागी ठेवूनच, आणि ते योग्यच झाले. तरीही जपणे वेगळे आणि वाखाणणे वेगळे. मुख्य दालनात उभे राहून पूर्वेकडे पाहिले की नजर जुन्या-नव्याच्या सांध्यावर अडते, आणि ती अडचण मला सौंदर्य म्हणून स्वीकारता येत नाही.

जुना फोर्टकर
मी नेमका त्याच सांध्यासाठी तिथे जातो. कंपनीची वखार कुठे संपली आणि साम्राज्य कुठे सुरू झाले, हे मुंबईत दुसरीकडे इतक्या जवळून दिसत नाही.